गार असतानाची पकड

माणसाचा चांगुलपणा किती अंश तापमानाला सुरू होतो, असा प्रश्न दोन वर्षांपूर्वी मला कोणी विचारला असता तर मी हसून सोडून दिला असता. पदार्थविज्ञान शिकविण्यात माझे सारे आयुष्य गेले. तापमान ही गोष्ट माझ्या लेखी लोखंडाची, पाण्याची, फार तर तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळाची. चांगुलपणाशी तिचा संबंध जोडणे हे कवींचे काम, अशी माझी समजूत होती. परंतु मागच्या हिवाळ्यात, जुन्या जालन्यातल्या एका उताराच्या रस्त्यावर, सकाळी साडेसहाच्या सुमारास हा प्रश्न अगदी शब्दशः माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आणि तेव्हापासून तो काही केल्या बाजूला होत नाही.

त्याचे असे झाले. माझ्या भाच्याने एक जुनी, दोनच माणसे बसतील अशी जर्मन स्पोर्ट्स कार विकत घेतली. आमच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून त्याच्या सळया करणारे जे कारखाने आहेत, त्यांपैकी एकात त्याची भागी आहे. (या कारखान्यांमुळे आमच्या गावात लोखंडाचे पुनर्जन्म फार झपाट्याने होतात. ट्रकच्या तुटलेल्या कमानी आणि झिजलेले ब्रेकड्रम एका दाराने आत जातात आणि कोणाच्या तरी घराचा स्लॅब तोलून धरायला सळया होऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडतात.) भाचा दिवसभर या आगीजवळ असतो. पैसा बरा मिळतो, वय पस्तिशीच्या आत आहे, आणि वेगाची ओढ त्याला लहानपणापासून आहे. २०२२ च्या ११ डिसेंबरला नागपूर ते शिर्डी असा समृद्धी महामार्ग खुला झाला आणि जालना, बदनापूर या आमच्या तालुक्यांतून काँक्रीटची ती सहापदरी पट्टी वाहू लागली, तेव्हा ही ओढ अधिकच वाढली. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. भाच्याच्या गाडीला ती मर्यादा म्हणजे धावणाऱ्याला पाळण्यात निजविल्यासारखी वाटे. तथापि एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. महामार्गावर आपली हौस भागवू नये एवढे त्याला कळत होते. म्हणून त्याने कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचे ठरविले. मोटारींची रचना करणारे एस. करिवर्धन यांच्या नावाने २००३ साली सुरू झालेला सुमारे दोन किलोमीटरांचा हा वळणावळणांचा ट्रॅक आहे. हौशी माणसांना तिथे आपली गाडी पळविता येते.

आता स्पोर्ट्स कार झाली तरी ती ट्रॅकवर जशीच्या तशी नेत नाहीत. तंबोरा लावावा तशी ती लावावी लागते. हे काम माझा एक जुना विद्यार्थी करतो. वर्गात त्याला घर्षणाचे नियम कधी आले नाहीत, आणि आता तो घर्षणावरच पोट भरतो. भाचा त्याला म्हणाला, "अशी सेटिंग करा की ट्रॅकवरही चालेल आणि गावातही." त्यावर मेकॅनिकने माझ्याकडे पाहिले. "सर, तुम्हीच सांगा ह्यांना. एकाच तंबोऱ्यावर पंचमही लावा अन् त्याच तारेवर मध्यमही लावा, असं म्हणताहेत." हा गृहस्थ भजनी मंडळात पेटी वाजवितो, म्हणून त्याला अशा उपमा सुचतात.

मी काय सांगणार? मला ती यंत्ररचना पाहण्यातच आनंद होता. स्प्रिंग आणि शॉकअब यांचे काम बसणाऱ्याला गादीचे सुख देणे, असे आपण समजतो. ते त्यांचे दुय्यम काम आहे. मुख्य काम एवढेच की, चाक जमिनीला धरून राहिले पाहिजे. गाडीचे वळणे, थांबणे, वेग घेणे हे सारे तळहाताएवढ्या चार ठिकाणी चालते, जिथे टायर रस्त्याला टेकलेला असतो. ट्रॅक गुळगुळीत असतो. तिथे स्प्रिंग ताठ केली की वळणावर गाडी कलत नाही, ब्रेक लावताना नाक खाली घालीत नाही, आणि चारही पंजे सरळ टेकून राहतात. परंतु तीच ताठ स्प्रिंग आमच्या रस्त्यावर आणा. खड्डा आला की चाक त्यात उतरत नाही, वरून उडते. उंचवटा आला की सबंध गाडीच उचलली जाते. जितका वेळ चाक हवेत, तितका वेळ चालवणाऱ्याच्या हातातले सुकाणू आणि पायातला ब्रेक हे दोन्ही देखावे होत. म्हणजे खडबडीत रस्त्यावर मऊ स्प्रिंग ही काही चैन नव्हे; तिथे मऊपणानेच पकड येते. मी चारदोन माणसांच्या बाबतीत हा विचार लावून पाहिला आहे. ज्यांना आपण तत्त्वनिष्ठ म्हणतो, त्यांतले कित्येकजण ताठ स्प्रिंगांवर बसविलेले असतात. त्यांचे सभेतले वळण पाहत राहावे असे, आणि घरातल्या पहिल्या खड्ड्याला चाक अधांतरी.

ब्रेकची गोष्ट याहून विलक्षण आहे. गाडी आणि माणूस मिळून चौदाशे किलो धरा. ताशी १२० किलोमीटरच्या वेगात या वजनात जी ऊर्जा असते ती जवळजवळ अडीच लिटर गार पाणी उकळायला पुरेल. ब्रेक लावला की ती सगळी ऊर्जा काही सेकंदांत चार लोखंडी तबकड्यांत शिरते. वेग निम्मा केला तर ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. ट्रॅकवर दर मिनिटाला दोनतीनदा असे जोरकस ब्रेक लागतात, मध्ये निवायला उसंत नसते, आणि तबकड्या शेकडो अंश तापतात. साधा पॅड अशा वेळी सैलावतो. पाय दगडावर दाबावा तसा पेडल कठीण लागतो, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुने झाले असेल तर निराळीच तऱ्हा. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. नवे असताना जे २३० अंशांपर्यंत उकळत नाही तेच ओलसर झाल्यावर १५५ च्या आसपास उकळू शकते, नळीत वाफ होते, आणि पेडल तळापर्यंत पोकळ जातो.

म्हणून शर्यतीचे पॅड निराळ्या द्रव्यांचे करतात. ते दोनअडीचशे अंशांच्या पुढे खरे रंगात येतात आणि मग जितके तापवाल तितके घट्ट धरतात. परंतु त्यांची एक खोड असते. गार असताना ते धरीत नाहीत. अगदीच धरीत नाहीत असे नाही. पण जेवढ्या दाबाला साधा पॅड गाडी उभी करतो, तेवढ्या दाबाला हे नुसते घासून जातात. ट्रॅकवर याचे काही बिघडत नाही, कारण तिथे पहिल्या फेरीत गाडी सावकाश फिरवून ब्रेक आणि टायर तापवून घेण्याचा रिवाजच आहे. रस्त्यावर अशी फेरी कोणी देत नाही. रस्त्यावर जो ब्रेक लावण्याची वेळ येते तो बहुधा पहिलाच असतो, आणि गार असतो.

हे सगळे मला माहीत होते. इथेच माझी अडचण आहे.

मेकॅनिकने शर्यतीचे पॅड बसविले, स्प्रिंगा बदलल्या, गाडी दोन बोटे खाली आणली. दोन दिवसांनी ती ट्रकवर चढवून कोइमतूरला रवाना व्हायची होती. त्या पहाटे भाचा दारात आला. "मामा, चला, एक चक्कर मारू. तुम्ही बसलाच नाहीत अजून." थंडी चांगली पडली होती, मी मफलर गुंडाळून बसलो. बसताना माझ्या मनात स्पष्ट विचार आला की याला सांगावे, पॅड गार आहेत, आधी चारपाच वेळा ब्रेक दाबून ते तापवून घे. वाक्य जिभेवर तयार होते. मी बोललो नाही. का बोललो नाही याची चार कारणे नंतर मी स्वतःला दिली. त्याला मेकॅनिकने सांगितलेच असेल. म्हातारा मामा पहाटेही शिकवणीच घेतो असे त्याला वाटेल. आपण काही जोरात जाणार नाही. आणि चौथे कारण, जे खरे होते: मला मजा वाटत होती, आणि मजेच्या आड मला काही येऊ द्यायचे नव्हते.

उतारावर गाडी ताशी ४० च्या आसपास होती. हा काही वेग नव्हे. बोळातून आमच्याच आळीला दूध घालणारा सायकलवर बाहेर आला. हँडलला दोन्हीकडे कॅन. भाच्याने वेळेवर पाहिले, वेळेवर पाय दाबला; आणि नेहमी जेवढा दाबीत असे तेवढाच दाबला. त्याने पुन्हा जोराने दाबीपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले. मी नंतर हिशेब केला. चांगली पकड असती तर गाडी आठ मीटरांत थांबली असती. पकड थोडी कमी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या निम्म्याने धरली तर साडेबारा मीटर लागतात. फरक फक्त साडेचार मीटरांचा. परंतु जिथे पहिली गाडी उभी राहिली असती तिथे दुसरी अजून ताशी चोवीस किलोमीटरने चाललेली असते. चोवीसाचा वेग सायकलवरच्या साठीच्या माणसाला पुष्कळ होतो.

तो वाचला. गुडघ्याचे हाड दुखावले, मनगट मोडले. रस्त्यावर दूध पसरले आणि उताराने वाहत गेले.

यापुढे भाचा जसा वागला तसा मी वागलो नसतो. एका क्षणात त्याने गाडी सोडली, माणसाला उचलले, रिक्षा थांबवून दवाखान्यात नेले, चौकीवर जाऊन स्वतः सांगितले की चूक माझी आहे. सगळा खर्च केला. दीड महिना रोज पहाटे उठून, कारखान्याच्या पोराला बरोबर घेऊन, त्या माणसाच्या म्हशींचे दूध घरोघर पोचविले. आळीत त्याचे नाव झाले. "पोरगं सोन्यासारखं आहे," असे लोक माझ्याजवळ येऊन म्हणत. आणि ते खरे होते. तापला की तो सोन्यासारखा होता.

फक्त दूधवाल्याने पलंगावर पडल्या पडल्या मला विचारले, "सर, एवढी भारी गाडी, तिला ब्रेक नव्हता का?" मी काय उत्तर देणार? ब्रेक होता. नव्या पॅडांचा आणि तबकड्यांचा संच त्याच्या एका म्हशीएवढ्या किमतीचा होता.

तेव्हापासून मी माणसे या मापाने पाहू लागलो आहे. हे चांगले नाही हे मला समजते, पण सवय जडली खरी. आमच्या मराठवाड्यात तापल्यावर धरणाऱ्या माणसांची वाण नाही. भूकंप होवो, पूर येवो, आंदोलन उभे राहो. घरातले धान्य काढून देणारी, रात्रभर जागणारी, लाठी अंगावर घेणारी माणसे शेकड्यांनी मिळतात. त्यांतलाच एखादा दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीच्या रांगेत म्हातारीच्या पुढे घुसतो. तो ढोंगी असतो काय? पूर्वी मी तसे म्हणालो असतो. आता म्हणतो, त्याचा पॅड त्या जातीचा आहे. रांगेत त्याला तापायला वेळच मिळाला नाही. अर्थात हे समजल्याने त्या म्हातारीचा नंबर काही पुढे येत नाही.

कोणी म्हणेल, मग पॅडलाच दोष द्यावा. उत्तम ब्रेक बसविले की झाले. भाच्याचाही मूळ युक्तिवाद हाच होता: "मामा, चांगला ब्रेक म्हणजे सुरक्षितपणाच की." १९८० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीतल्या म्युनिक शहरी टॅक्सींची एक पाहणी झाली. काही टॅक्सींना चाक जाम न होऊ देणारे नवे ब्रेक होते, काहींना जुने. अपेक्षा अशी की नव्या ब्रेकांच्या टॅक्सींना अपघात कमी व्हावेत. तसे दिसले नाही. चालक नव्या ब्रेकांच्या भरवशावर अधिक धिटाईने चालवू लागले होते. यंत्राने दिलेली शिल्लक त्यांनी वेगात खर्च करून टाकली. म्हणजे आपल्या हाती आलेली सुरक्षितता आपण स्वतःसाठी ठेवतो की समोरच्याला देतो, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही.

आणि समोरचा कोण, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ट्रॅकवर उतरलेल्या प्रत्येकाने तो वेग कबूल केलेला असतो. सगळ्यांचे तोंड एकाच दिशेला, कोपऱ्याकोपऱ्यावर झेंडा घेतलेला माणूस. तिथे चूक झाली तर ज्याने खेळ मान्य केला त्याच्याच अंगावर ती येते. रस्त्यावरच्या दूधवाल्याला कोणी विचारले होते? त्याच्या सहीशिवायच आम्ही त्याच्या नावावर एक कर्ज काढले होते. म्हणून ट्रॅकसाठी लावलेली गाडी श्रेष्ठ आणि रस्त्यासाठी लावलेली म्हणजे तिचीच पातळ केलेली आवृत्ती, हा जो समज आहे तो मला मुळातच चुकीचा वाटतो. रस्त्याची गाडी अनोळखी माणसाच्या बाजूने लावलेली असते. तिच्या पॅडात, तिच्या मऊ स्प्रिंगेत, त्या माणसाचा वाटा आधीच ठेवलेला असतो.

आमच्या शेतकऱ्याला हे मोटार येण्यापूर्वीच कळले होते. शंकरपटाचा बैल निराळा आणि औताचा बैल निराळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी आणली आणि २०२३ च्या मे महिन्यात महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरून त्यांना वाट मोकळी केली. त्या मधल्या वर्षांत पटाचे बैल पोसणाऱ्यांचे हाल झाले, कारण त्या बैलांना औताला जुंपणे जमेना. पटाची जोडी बाजाराच्या गर्दीतून छकड्याला जुंपून नेणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. मुक्या प्राण्यांना शर्यतीत पळवावे की नाही हा वाद वेगळा, आणि त्यात माझे मत बैलमालकांना आवडणार नाही. पण कोणता बैल कुठे न्यायचा, एवढी अक्कल त्यांच्याजवळ होती. ती आम्हा दोघा शिकलेल्यांजवळ त्या पहाटे नव्हती.

समर्थ रामदास आमच्या जिल्ह्यातल्या जांबचे. १६०८ चा त्यांचा जन्म. लग्नाच्या बोहल्यावर भटजींच्या तोंडून 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते मांडवातून निघून गेले, ही कथा इकडे पोराबाळांना ठाऊक असते. कथेत ऐतिहासिक सत्य किती हे पंडितांनी ठरवावे. मला तिच्यातले वेगळेच काही आकर्षून घेते. तो शब्द प्रत्येक लग्नात उच्चारला जातो, आजवर हजारो नवऱ्या मुलांनी तो ऐकला. तो ऐकून थांबणारा एकच निघाला. गार असताना, पहिल्या दाबाला धरणारा असा ब्रेक दुर्मीळच म्हणायचा. पुढे त्यांनी दासबोधात सावधपणाला केवढे स्थान दिले ते सर्वश्रुत आहे. पण हल्ली ही कथा आठवली की मला अंतरपाटाच्या पलीकडे उभी असलेली ती मुलगी दिसते. इतक्या अचानक ब्रेक लागल्यावर जी मागून येऊन आदळली, तिचे पुढे काय झाले? कथेत तिचे नावही सांगत नाहीत. पूर्वी मला हे कधी सुचले नव्हते. दूधवाल्याच्या पलंगाशी बसल्यापासून सुचू लागले.

आता माझ्या या सिद्धांताला एक अपवाद आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ राहत. निजामाच्या राज्यात मुक्तिसंग्रामाच्या वेळी ते तुरुंगात गेले होते, मार खाल्ला होता. म्हणजे तापल्यावर धरणारे. पण त्यांना मी रॉकेलच्या रांगेत पाहिले आहे. दुकानदार त्यांना ओळखी, हात करून पुढे बोलावी; ते जागचे हलत नसत. कोणी आग्रह केला तर म्हणत, "माझा नंबर अजून यायचाय." आवाजात त्याग नसे, उपदेश नसे, दुखरा गुडघा धरून ते उभे राहत. हे कोणत्या द्रव्याचे पॅड? मी मेकॅनिकला विचारले की दोन्हीकडे चालणारा पॅड असतो काय. तो म्हणाला, "असतो सर, मधला येतो. पण तो इथंही मधलाच अन् तिथंही मधलाच." त्या गृहस्थांत मधले असे काही नव्हते. तेव्हा यंत्राची उपमा माणसाला इथपर्यंतच पुरते, किंवा मला यंत्राचे तरी अजून सगळे समजलेले नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र उपमा पुरून उरते. दवाखान्याच्या बाकावर बसून मी फार कळवळलो. रात्र रात्र झोपलो नाही. दूधवाल्याच्या मुलीची वर्षाची फी मी भरली. हे सारे तापल्यानंतरचे. जेव्हा एक साधे वाक्य बोलायचे होते, गार हवेत, कोणाचा जीव धोक्यात नसताना, कोणी पाहत नसताना, तेव्हा माझा पाय नुसता घासून गेला. ते वाक्य बारा शब्दांचेही नव्हते.

भाच्याने कोइमतूरचा बेत त्या वेळी रद्द केला, पण सोडून दिला नाही. आणि त्याने तो सोडावा असे मी म्हटले नाही. यंदा तो जाऊन आला. पॅडांचे आता दोन संच आहेत. ट्रॅकचे पॅड एका डब्यात असतात, तिथे पोचल्यावर चढवितात, निघण्यापूर्वी उतरवितात; तासाभराचे काम आहे. स्प्रिंगा त्याने पुन्हा मऊ बसविल्या. ट्रॅकवर त्याला फेरीमागे काही सेकंद जास्त लागतात आणि त्याचे मित्र त्याला हसतात, असे तो सांगत होता.

दसऱ्याच्या सकाळी तो गाडीला हार घालून दारात आला. "मामा, बसता का?" मी बसलो. उताराच्या तोंडाशी येण्यापूर्वीच त्याने मोकळ्या रस्त्यावर दोनदा ब्रेक दाबून पाहिला, काही बोलला नाही. बोळापाशी दूधवाला उभा होता. आता तो सायकल हातात धरून चालतच जातो. मनगट थंडीत अजून दुखते म्हणाला. गाडी पाहून तो भिंतीला लागून उभा राहिला. भाच्याने पुष्कळ लांबूनच वेग कमी करीत आणला होता, घाई काहीच नव्हती. तरी माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि पुढच्या पत्र्यावर, जिथे पेडल नाही तिथे, जोराने दाबला गेला.